खडकांचीं चार स्थानकें

देशाटनाची आवड आपल्या कुटुंबांतून अलीकडे पुष्कळच वाढली आहे. पूर्वीं काशीयात्रा एकदां घडली म्हणजे जन्माचें सार्थक झालें असें वडील माणसांस वाटे. आतां दिवाळीच्या सुटींत मंडळी जेसलमेरास जातात, आणि मुलगा किंवा मुलगी परदेशीं असल्यास अमेरिकेंतील अरिझोनापर्यंतही जाऊन येतात. परत आल्यावर चित्रें दाखविण्याचा कार्यक्रम होतो. त्या चित्रांत वाळवंटांतील तांबड्या खडकांचे मनोरे, कमानी आणि तट उभे असतात, आणि पाहणाऱ्यांच्या तोंडून ‘असें आपल्याकडे कांहीं नाहीं’ हा उद्गार हमखास निघतो. हा उद्गार कितपत खरा आहे तें पाहण्यासाठीं आज वाचकांस आम्ही महाराष्ट्राच्या अगदीं ईशान्य टोंकाला, गोंदिया जिल्ह्यांत, घेऊन जाणार आहों.

गोंदिया जिल्ह्यांत वाळवंट नाहीं, हें प्रथमच सांगून टाकितों. १ मे १९९९ रोजीं भंडारा जिल्ह्यापासून वेगळा झालेला हा प्रदेश भाताचा, तलावांचा आणि सागवान-बांबूच्या रानांचा आहे. वर्षाकाठीं पन्नास इंचांच्या आसपास पाऊस येथें पडतो. भातगिरण्यांमुळें गोंदिया शहराला लोक तांदुळाचें शहर म्हणतात. अशा हिरव्या, ओल्या मुलखांत खडकांची गोष्ट काढणें कित्येकांस चमत्कारिक वाटेल. परंतु या हिरवळीच्या खालीं जो दगड आहे त्याची वंशावळ इतकी जुनी आहे कीं, अरिझोनांतील मनोरे त्याच्यापुढें कालचीं पोरें ठरावींत.

मुंबईहून हावड्याकडे जाणारा लोहमार्ग गोंदियावरून पुढें जातो. हा रस्ता एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकांत पडला; प्रथम नागपूर-छत्तीसगड रेल्वे आणि नंतर बंगाल-नागपूर रेल्वे असें त्याचें नांव होतें. गोंदिया सोडल्यावर आमगांव, सालेकसा, दरेकसा हीं स्थानकें लागतात. मग महाराष्ट्राची हद्द संपते आणि छत्तीसगडांतील बोरतलाव व डोंगरगड हीं स्थानकें येतात. लांब पल्ल्याच्या गाडींतील प्रवाशांस यांपैकीं डोंगरगडाखेरीज एकाही नांवाची ओळख नसते. पण यांतील कांहीं नांवें जगांतल्या भूशास्त्रज्ञांच्या तोंडीं आहेत. धनबादचे भूशास्त्रज्ञ सरकार यांनीं १९५० नंतरच्या दशकांत भंडारा, दुर्ग आणि बालाघाट यांच्या सीमेवरील या डोंगरांचा बारकाईनें अभ्यास केला व त्यांतील खडकांची क्रमवार मांडणी केली. तेव्हांपासून या खडकसमूहाला डोंगरगडाचें नांव मिळालें. गाडी जशी एक एक स्थानक मागें टाकीत जाते, तसा पृथ्वीच्या बखरीचा एक एक अध्याय उलटत जातो.

पहिला अध्याय आमगांवचा. येथला खडक ‘आमगांव नाइस’ या नांवानें प्रसिद्ध आहे. फिकट आणि काळसर पट्टे एकाआड एक असलेला हा दगड भूगर्भांतील प्रचंड उष्णतेनें व दाबानें मळून निघालेला आहे; कणीक मळतांना दोन रंगांचे गोळे एकत्र आले म्हणजे जशा रेघा उमटतात, तशा रेघा त्याच्या अंगावर दिसतात. डोंगरगड समूहाच्या घराचा हा पाया होय. आमगांवच्या आसपास मोठे डोंगर नाहींत. हा पाया भाताच्या बांध्यांखालीं झांकलेला असतो, आणि विहीर खणतांना किंवा नाल्याच्या पात्रांत त्याचें दर्शन होतें. असल्या घट्ट दगडांत पाणी सहजासहजीं मुरत नाहीं. तें जमिनीवरच अडवून ठेवणें शहाणपणाचें असतें, आणि या मुलखांत नवेगांवबांधासारखे तलाव बांधणाऱ्या कोहळी समाजानें तेंच केलें. गांवचा तलाव कोठें आणि कां, या प्रश्नाचें अर्धें उत्तर असें दगडानेंच दिलेलें असतें.

दुसरा अध्याय सालेकसा आणि दरेकसा यांच्या दरम्यान सुरू होतो. सपाट जमीन संपते, दोहों बाजूंस रानानें भरलेले डोंगर जवळ येतात, आणि गाडी चढाला लागते. या भागांतील खडकाला भूशास्त्रांत ‘बिजली ऱ्हायोलाइट’ म्हणतात. बिजली हें एका लहानशा गांवाचें नांव आहे. ऱ्हायोलाइट हाही लाव्हारसच. पण आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाहून त्याचा स्वभाव निराळा. तो समजण्यास स्वयंपाकघरांतील दाखला पुरे आहे. पातळ पिठलें चुलीवर शांतपणें रटरटतें, कारण त्यांतील वाफेला बाहेर पडण्यास वाट मिळते. तेंच घट्ट झालें म्हणजे वाफ आंत कोंडते आणि एकाएकीं उसळून ढवळणाराचा हात भाजते. सह्याद्रीचा लाव्हारस पातळ होता. तो भेगांतून निघून दूरवर पसरला आणि त्याचे आडवे थर बसले. ऱ्हायोलाइटचा रस वाळूच्या द्रव्यानें, म्हणजे सिलिकेनें, दाट झालेला असतो. त्यांतील वाफ कोंडून स्फोट होतात, आणि रसाबरोबर तापलेल्या राखेचे लोटही बाहेर पडतात. दरेकशाचे शांत डोंगर अशा आगींतून जन्मास आले आहेत.

हें केव्हां घडलें? सुमारे अडीचशें कोटी वर्षांपूर्वीं. हा आंकडा तोंडानें उच्चारतां येतो, पण मनांत उतरत नाहीं. म्हणून आपल्या जुन्या कालगणनेचा आश्रय करूं. त्या ज्वालामुखीच्या काळापासून आजपर्यंतचा काळ साठ घटिकांचा एक दिवस आहे असें धरावें. तर सह्याद्रीचा लाव्हारस, जो साडेसहा कोटी वर्षांपूर्वींचा आहे, तो दिवस संपण्यास अवघी दीड घटिका उरली असतां वाहिला; आणि आपली मनुष्यजात या दिवसाच्या शेवटच्या अर्ध्या पळांत जन्मली! वेरूळ-अजिंठ्याचा पाषाण आपण पुरातन म्हणतों. गोंदियाच्या पाषाणानें त्याला नातवंड म्हणावें.

तिसरा अध्याय हद्दीपलीकडे, बोरतलावच्या नांवाचा. तेथें वाळूचे व गोट्यांचे थर दाबून घट्ट झालेला खडक सांपडतो. वाळू आणि गोटे म्हणजे आधींच्या डोंगरांचा चुरा. ज्वालामुखी थंडावला, पावसानें त्याचे डोंगर झिजविले, ओढ्यांनीं चुरा वाहून नेऊन पसरला, आणि त्याचाच पुन्हां खडक झाला. चौथें नांव डोंगरगडाचें. तेथील ग्रॅनाइट हा भूगर्भांतल्या भूगर्भांतच सावकाश थिजलेला रस होय. तो आधींच्या खडकांत घुसला आणि वरचे थर झिजून गेल्यावर उघडा पडला. पाया, आग, चुरा आणि थिजलेला रस असे हे चार अध्याय आहेत. गाडींतून त्यांना एक प्रहरही लागत नाहीं.

आतां वाळवंटाकडे वळूं. राजस्थानांत जोधपुरास जाऊन आलेल्या वाचकांनीं मेहरानगड पाहिला असेल. राव जोधांनीं १४५९ मध्यें ज्या टेकडीवर हा किल्ला बांधण्यास आरंभ केला, ती टेकडीही ऱ्हायोलाइटाच्याच जातीची आहे. मालानी या नांवानें ओळखला जाणारा तो ज्वालामुखीचा खडक सुमारे पंचाहत्तर कोटी वर्षांचा आहे, आणि तेथील तापलेल्या राखेपासून बनलेल्या दगडाला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेनें राष्ट्रीय स्मारकाचा मान दिला आहे. मरुभूमींतील त्या टेकडीकडे प्रवासी टक लावून पाहतो आणि दरेकशाच्या डोंगराकडे पाहतही नाहीं. याचें कारण एवढेंच कीं, जोधपुरांत दगडाच्या अंगावर वस्त्र नाहीं आणि दरेकशांत तें आहे.

वाळवंटांतील आकृति वाऱ्यानें कोरल्या, अशी पुष्कळांची समजूत असते. वाऱ्यानें उडालेली वाळू जमिनीलगत थोड्या उंचीपर्यंतच खडक घांसते. बाकीचें बहुतेक काम तेथेंही पाण्याचेंच. क्वचित् येणारी वादळी सर, पहांटेचें दंव, भेगांत साठणारें मीठ, दिवसाचा ताप आणि रात्रीचा गारठा हे तेथले कारागीर आहेत. पाणी थोडें असल्यामुळें काम सावकाश चालतें आणि कडा धारदार राहतात. गोंदियांत तोच कारागीर दरसाल चार महिने अहोरात्र राबतो. ऱ्हायोलाइट व ग्रॅनाइट यांत फेल्स्पार नांवाचें खनिज असतें. पावसाचें पाणी त्याची चिकणमाती करून टाकतें, आणि गारेचे कण तेवढे वाळू होऊन मागें राहतात. दगड गोलावतो, कुजतो, त्याची माती होते. मातींत रान उगवतें, आणि सखल भागांत भात पिकतो. वाळवंटांत खडक नुसता पाहतां येतो. आमगांवास तो ताटांत वाढला जातो, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

आणखी एक गोष्ट येथेंच सांगितली पाहिजे. ज्या काळीं बिजलीचा लाव्हारस उसळला, त्या काळीं पृथ्वीच्या जमिनीवर झाड नव्हतें, गवत नव्हतें. पाऊस पडत होता. पण त्याला अडविण्यास एक मूळही कोठें नव्हतें. समुद्राबाहेरची सारी भूमि उघडा दगड होती. हवेंत प्राणवायूही जवळजवळ नव्हता. तो पुढें साठूं लागला. या दृष्टीनें पाहिलें तर गोंदिया जिल्हा एके काळीं मरुभूमि होता, नव्हे, सर्व पृथ्वीच मरुभूमि होती. जो देखावा पाहण्यास आपण जेसलमेरास जातों, त्याच्याहून उजाड देखाव्याचे साक्षीदार दरेकशाच्या रानांत झाडांच्या सावलींत बसलेले आहेत.

आम्ही घरचीं सात-आठ माणसें कार्तिक महिन्यांत दरेकशास उतरलों. स्थानकापासून जवळच हाजरा धबधबा आहे. पावसाळ्यांत तो गर्जत असतो. आम्ही गेलों तेव्हां त्याचा ओघ मंदावला होता, आणि त्यामुळें खडकाचें निरीक्षण करण्यास सवड मिळाली. काळपट-तांबूस खडकाला उभ्या-आडव्या भेगा होत्या. थिजणारा रस आंखडतो, त्यानें कांहीं भेगा पडतात. पुढें जमिनीच्या हालचालींनीं आणखी पडतात. पाणी त्या भेगांत शिरतें आणि दगडाचे चौकोनी तुकडे सुटे करितें. धबधब्याच्या पायथ्याशीं पडलेल्या शिळा म्हणजे वरच्या कड्याचे गळून पडलेले दांतच होत.

तेथून कांहीं अंतरावर, धनेगांवाच्या बाजूनें रानांतून चढून गेलें म्हणजे, कचारगडाची गुहा लागते. गुहेचें तोंड विशाल आहे, आंत शेंकडों माणसें सहज मावतील एवढी जागा आहे, आणि छताला पडलेल्या भोंकांतून उजेडाचा झोत आंत येतो. ती आशिया खंडांतील सर्वांत मोठी नैसर्गिक गुहा आहे किंवा पंचवीस हजार वर्षांची आहे, असें पुष्कळदा सांगण्यांत येतें. असल्या बिरुदांची तिला गरज नाहीं. चुनखडीच्या गुहांत छतापासून लोंबणारे पांढरे खांब असतात. तसे येथें नाहींत. कठीण खडकांतील गुहेचा मार्ग वेगळा आहे. भेगांतून पाणी झिरपतें, खडकाचा कमजोर भाग कुजतो, एकेक तुकडा गळतो आणि पोकळी मोठी होत जाते. शेवटीं छतही पडूं लागतें. छताचें भोंक ही त्या शेवटाची सुरुवात आहे. गुहा म्हणजे डोंगराचें कायमचें दालन नव्हे. डोंगर झिजून जाण्याच्या कामांतली ती एक पायरी आहे. फक्त ती पायरी इतकी लांब आहे कीं, तीवर माणसांच्या शेंकडों पिढ्या बसून गेल्या तरी ती हालली असें कोणास वाटत नाहीं.

या गुहेला गोंड लोक आपलें मूळस्थान मानतात. त्यांच्या कथेप्रमाणें कली कंकाली मातेचीं तेहतीस मुलें या गुहेंत कोंडलीं गेलीं आणि तोंडावर प्रचंड शिळा बसविण्यांत आली. पारी कुपार लिंगो या त्यांच्या आदिगुरूंनीं व जंगो रायताड या मातेनें त्यांच्या सुटकेचा मार्ग शोधला. हिरासुका पाटालीर या गायकाच्या संगीतानें मुलांच्या अंगीं बळ आलें आणि शिळा ढळली. पण ढळलेल्या शिळेखालीं तो गायकच सांपडून गतप्राण झाला. बाहेर आलेल्या मुलांस लिंगोंनीं धर्म शिकविला आणि त्यांचीं कुळें ठरविलीं. चार देवांचे, पांच देवांचे, सहा देवांचे, सात देवांचे असे गोंडांचे भेद आहेत, आणि एकाच देवसंख्येच्या घरांत सोयरीक होत नाहीं. सगोत्र विवाह टाळणाऱ्या आपल्या घरांस ही व्यवस्था समजावून सांगण्याची आवश्यकता नाहीं.

ही कथा पहिल्यानें कागदावर उतरविणारांपैकीं एक गृहस्थ स्वतः खडकांचे अभ्यासक होते, हा योग मोठा विलक्षण आहे. नागपूरचें हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नांवानें चालतें, ते पाद्री स्टीफन हिस्लॉप यांनीं नागपूरच्या आसपासच्या खडकांवर आणि त्यांतील जीवावशेषांवर लिहिलें. ‘हिस्लोपाइट’ या खनिजाला त्यांचें नांव मिळालें आहे. त्यांनींच गोंडांचें लिंगोगीत जमविलें. १८६३ मध्यें टाकळघाटच्या बाजूस पुराच्या पाण्यांत बुडून त्यांचा अंत झाला, आणि त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनीं १८६६ मध्यें छापून प्रसिद्ध केले. त्या गीतांत गोंडांच्या गुहेच्या ठिकाणाचें नांव काचीकोपा लोहागड असें आहे. आजचे गोंड तें कचारगडच होय असें मानतात. नागपूरचे गोंडी भाषेचे विद्वान मोतीरावण कंगाली, जे २०१५ मध्यें निवर्तले, त्यांनीं आपल्या समाजाच्या या स्थानाची ओळख लेखांतून सर्वदूर करून दिली. माघी पौर्णिमेच्या सुमारास येथें यात्रा भरते आणि महाराष्ट्र, मध्यप्रदेश, छत्तीसगड, तेलंगण अशा दूरदूरच्या प्रांतांतून गोंड कुटुंबें येतात.

गुहेच्या तोंडाशीं आमच्यांतील भूशास्त्र शिकणाऱ्या मुलानें ही कथा ऐकली आणि हंसून म्हटलें, “शिळा कोणी बसविली नाहीं आणि कोणी ढकलली नाहीं, आजी. ती छतांतून पडली.”

आजी दगडावर टेंकल्या होत्या. त्या म्हणाल्या, “असेल बाबा. पण मला सांग, आपल्या देवघरांतला शाळिग्राम तुझ्या पुस्तकांत कोण म्हणून लिहिला आहे?”

“अमोनाइट. शिंपल्याच्या गोत्रांतला एक समुद्रप्राणी. मरून पंधराएक कोटी वर्षें झालीं असतील.”

“मग रोज सकाळीं तूं त्याला तुळस कां वाहतोस?”

मुलगा कांहीं बोलला नाहीं. थोड्या वेळानें त्यानें पायांतले जोडे काढून बाहेर ठेविले आणि तो आंत गेला.

आजींच्या प्रश्नांत एक न्याय आहे, आणि तो आपल्या सुशिक्षित घरांनीं मनांत धरण्यासारखा आहे. गंडकीचा शाळिग्राम हा जीवावशेष आहे हें आपल्यापैकीं पुष्कळांस ठाऊक असतें. तें कळल्यामुळें आपण त्याला देवघरांतून बाहेर काढीत नाहीं, आणि तो पूजेंत आहे म्हणून भूशास्त्र खोटें आहे असेंही म्हणत नाहीं. दोन गोष्टी आपण शेजारीं शेजारीं नांदवितों. एक गोष्ट सांगते कीं, दगड कसा झाला. दुसरी सांगते कीं, त्याच्यापुढें आपण कसें वागावें. मग जो मान आपण आपल्या मूठभर दगडास देतों, तोच गोंडांच्या डोंगराएवढ्या दगडास देतांना आपला हात कां आंखडतो? आपली ती श्रद्धा आणि दुसऱ्याची ती भाकडकथा, असा भेद शास्त्राच्या नांवानें करणें हें शास्त्रास धरून नाहीं. शास्त्राच्या ताजव्यांत दोन्ही दगड सारखेच. आणि वयाचा मान म्हणाल, तर तो निःसंशय दरेकशाच्या डोंगरांचा.

या कथेंतही खडकाच्या स्वभावाचें निरीक्षण आहे, हें विसरतां कामा नये. या डोंगरांत शिळा ढळतात, आणि ढळतांना माणसें दडपलीं जातात, हें रानांत राहणाराला प्रत्यक्ष ठाऊक असतें. त्या ज्ञानाला त्यांनीं कृतज्ञतेची जोड दिली. शिळा ढळली ती कोणाच्या तरी बलिदानानें, असें मानलें. लोहागड या नांवांतही लोखंड आहे, आणि येथल्या दगडांवर जो तांबूस रंग चढतो तो लोखंडाच्या गंजाचाच असतो. भूशास्त्रज्ञाची हातोडी येण्यापूर्वीं कित्येक पिढ्या कोणीतरी हे दगड नीट पाहिले होते.

जाऊं इच्छिणारांस दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगून हें लांबलेलें वर्णन संपवितों. दरेकसा गोंदियापासून सुमारें पन्नास किलोमीटरांवर आहे. धबधबा पाहावयाचा असेल तर पावसाळ्याच्या अखेरीस आणि खडक पाहावयाचे असतील तर हिवाळ्यांत जावें. यात्रेच्या दिवसांत गेल्यास आपण दुसऱ्याच्या देवघरांत पाहुणे आहों हें ध्यानांत ठेवावें. खडकावर स्वतःचें नांव लिहूं नये; ज्या दगडावर अडीचशें कोटी वर्षांचा लेख आधींच लिहिलेला आहे, त्यावर आपल्या सहीची कांहीं गरज नाहीं. आणि ज्यांस उतरतां येणार नाहीं, केवळ हावड्याच्या गाडीनें पुढें जावयाचें आहे, त्यांनीं दिवसाची गाडी पसंत करावी, आमगांव आलें म्हणजे मुलांस खिडकीशीं बसवावें, आणि डोंगरगड येईपर्यंत त्यांस बाहेर पाहूं द्यावें.